पाकीट नव्हे, किल्ल्यांचा जुडगा

दुपारचे साडेतीन वाजले होते. डायनिंग टेबलावर चहाचे दोन कप, एक पेन, कोरा कागद आणि माझा जुना फोन. समोर मावशी. माझी मावशी पोस्टात काउंटरवर ३३ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. बचत खाती, मनिऑर्डरी, आरडी, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. आता वय ६७. भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देते, वीजबिल फोनवर भरते आणि परगावच्या नातवाकडून व्हिडिओ कॉलवर पाढे म्हणून घेते. ‘मला बाई यातलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी ती नाही. म्हणून तर तिला बोलावलं होतं.

मी एका ॲपचं डिझाइन करत होते. क्रिप्टोकरन्सीचं वॉलेट. तेही अगदी नवख्या माणसांसाठी.

‘तू तुझ्या मनाने कर. मी काही सांगणार नाही, नुसती बघत बसणार,’ मी मावशीला म्हटलं.

मावशीने भराभर दोन-तीन स्क्रीन पार केले. पिन ठरवला. मग समोर आले बारा इंग्रजी शब्द, एकाखाली एक. ‘हे शब्द लिहून सुरक्षित ठेवा’ अशी वर सूचना. मावशीने चष्मा सारखा केला, वाचलं आणि बोटाने स्क्रीन वर-खाली करून काहीतरी शोधायला लागली.

‘काय शोधतेयस?’

‘अगं, ‘पासवर्ड विसरलात का?’ असं असतं ना खाली, ते कुठाय?’

‘ते नाहीये यात.’

‘मग हे शब्द हरवले तर?’

‘तर पैसे गेले.’

‘गेले म्हणजे? अर्ज करायचा. कुणीतरी साहेब असेलच की वर!’

‘नाही मावशी. साहेबच नाही यात कुणी.’

मावशीने फोन खाली ठेवला आणि चहाचा कप ओढून घेतला. ‘मग एवढं सोपं कशाला करून ठेवलंस गं?’ ती सहज म्हणाली. पण ते वाक्य पुढचे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही.

नावातच घोटाळा

त्याआधी थोडं मागे जायला हवं. स्क्रीन डिझाइन करणं हा गेली चौदा वर्षं माझा व्यवसाय. साड्यांची दुकानं, तिकिटांची बुकिंगं, एका पतसंस्थेचं ॲप, असं बरंच केलं होतं. क्रिप्टोचं काम पहिल्यांदाच आलं. कामाच्या कागदावर एकच ओळ ठळक होती : ‘नवख्या माणसाला तीन मिनिटांत वॉलेट उघडता आलं पाहिजे.’

मी अभ्यासाला बसले. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कुणीतरी नऊ पानांचा एक लेख प्रसिद्ध केला आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं. हा माणूस कोण, की माणसं, ते आजही खात्रीने कुणाला सांगता आलेलं नाही. कल्पना अशी, की बँकेत जी हिशोबाची वही असते ती एका बँकेकडे न ठेवता जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवायची. कुणाकडे किती नाणी आहेत हे त्या वहीत लिहिलेलं. एक नोंद झाली, की ती खोडता येत नाही.

मग ‘वॉलेट’मध्ये काय असतं? मला वाटलं होतं, नाणी असतात. नसतात! नाणी त्या वहीतच. वॉलेटमध्ये असते ती फक्त किल्ली. आपल्या नावावरची नाणी दुसऱ्याला द्यायची असतील, तर त्या किल्लीने सही करायची. किल्ली ज्याच्या हातात, त्याची नाणी. बस्स.

हे कळलं तेव्हा मला माझी आजी आठवली. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. कपाटाची, कोठीची, देवघरातल्या पेटीची. जुडगा म्हणजे काही धनदौलत नव्हे. पण तो हरवला, की घरात हलकल्लोळ. आणि पाकीट हरवणं वेगळं, किल्ली हरवणं वेगळं. पाकीट हरवलं तर त्यातले पाचशे-हजार जातात. किल्लीसोबत अख्खं कपाट जातं. आजीचं एक बरं होतं, तिला कुलूप तोडणारा माणूस बोलावता यायचा. इथे तोही नाही.

म्हणजे या वस्तूचं नावच चुकलेलं. ‘वॉलेट’ म्हटलं, की माणूस त्याला पाकिटासारखंच वागवणार.

साहेब असलेला रस्ता, साहेब नसलेला रस्ता

मावशी म्हणते तसा साहेब असलेला रस्ताही आहे म्हणा. एखाद्या एक्स्चेंजवर खातं उघडायचं. किल्ल्या कंपनी सांभाळते, आपण नुसता पासवर्ड ठेवायचा. विसरलो तर ओळखपत्र दाखवून नवा मिळतो. बहुतेक भारतीय नवखे इथूनच सुरुवात करतात.

पण मग सगळा भरवसा त्या कंपनीवर. टोकियोतलं माउंट गॉक्स हे एके काळचं सर्वांत मोठं एक्स्चेंज २०१४ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेलं. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. त्यातले दोनेक लाख नंतर सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळलं. आपल्याकडच्या वझीरएक्सवर जुलै २०२४ मध्ये हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे कॉइन वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला आपल्याकडे विमा आहे. इथे तसं काही नाही.

दुसरा रस्ता, किल्ली स्वतःकडे ठेवायची. तिथे चोर कमी, पण विसरभोळेपणा महाग. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारे प्रोग्रॅमर स्टीफन थॉमस यांची गोष्ट जानेवारी २०२१ मध्ये जगभर गाजली. ७,००२ बिटकॉइनची किल्ली एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये, आणि त्याचा पासवर्ड लिहिलेला कागद हरवलेला. दहा वेळाच प्रयत्न करता येतात आणि त्यातले आठ तेव्हाच संपले होते. इतका जाणकार माणूस! मग आपलं काय?

आमचं ॲप या दुसऱ्या रस्त्यावरचं होतं.

बारा शब्द

किल्ली म्हणजे खरं तर एक राक्षसी मोठा आकडा. तो लिहून घेताना माणूस चुकणारच. म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत ठरली. २,०४८ साध्या इंग्रजी शब्दांची एक यादी केली. आकड्याऐवजी त्यातले बारा शब्द ठरावीक क्रमाने दाखवायचे. त्यावरून किल्ली पुन्हा तयार होते; फोन फुटला, हरवला, तरी नव्या फोनवर. यादी करणाऱ्यांनी विचारही किती केलाय बघा, कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. म्हणजे पुसट झालेला शब्दही चार अक्षरांवरून ओळखता यावा.

ही यादी इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन अशा काही भाषांत निघाली. भारतीय भाषा एकही नाही. आमच्या टीममध्ये उत्साह संचारला. आपण मराठी यादी करू! आंबा, उंबरा, कंदील, तांब्या… एक अख्खी संध्याकाळ आम्ही शब्द काढत बसलो. पण मग लक्षात आलं, उद्या आमची कंपनीच बंद पडली तर? दुसरं कुठलंही वॉलेट हे मराठी शब्द ओळखणार नाही. बाईच्या हातात बारा सुंदर मराठी शब्द राहतील आणि त्यांनी एकही कुलूप उघडणार नाही. नाद सोडला.

मग इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार द्यावा, असं ठरलं. तो मोडीत काढला आमच्याच बिल्डिंगमधल्या शिक्षिका वहिनींनी. त्यांनी शब्द देवनागरीतच उतरवून घेतले. त्यात एक होता ‘राइट’. आता हा बरोबर या अर्थाचा राइट, की लिहिणे या अर्थाचा? यादीत दोन्ही आहेत. स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. पैशांना हात लागायच्या आधी हे कळलं म्हणून बरं.

परीक्षा कुणाची झाली?

पहिल्या फेरीत पाच जणी होत्या. मावशी, शिक्षिका वहिनी, घरून डबे पुरवणारी माझी मैत्रीण, तिची नणंद आणि माझी कॉलेजात जाणारी भाची. पाचही जणींनी वॉलेट उघडलं, तेही तीन मिनिटांच्या आत. प्रत्येकीने ‘मी शब्द लिहून घेतले आहेत’ या चौकटीत टिक केली. टीममध्ये टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मला काय वाटलं कोण जाणे, मी एकेकीला फोन केला. ‘ते बारा शब्द कुठे ठेवलेत गं?’

भाचीने स्क्रीनशॉट काढला होता; तो तिच्या फोनमधून आपोआप इंटरनेटवरच्या साठ्यातही जाऊन बसला होता. डबेवाल्या मैत्रिणीने नवऱ्याला व्हॉट्सॲप केले होते, ‘जपून ठेवा’ म्हणून. नणंदेने गॅसच्या पावतीमागे लिहिले आणि पावती पिशवीसकट बाहेर गेली होती. वहिनींचं ‘राइट’ सांगितलंच. आणि मावशी? ‘अगं, लिहिलेच नाहीत. फोनमध्ये आहेत ना! टिक केल्याशिवाय पुढे जाईना म्हणून केली.’

पाचपैकी पाच पास, आणि पाचही नापास. चूक त्यांची नव्हती. मी मोजत होते तीन मिनिटं. मोजायला हवं होतं ते वेगळंच.

हे पूर्वीही कुणाला तरी कळलं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेत अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी एका प्रयोगावर लेख लिहिला. ईमेल कुलूपबंद करणारं एक सॉफ्टवेअर बारा जणांना वापरायला दिलं. दिसायला छान, बटणं नेटकी. नव्वद मिनिटं देऊनही जेमतेम एकतृतीयांश लोकांना ते नीट जमलं आणि तिघांनी तर गुप्त मजकूर चुकून तसाच उघडा पाठवला. त्यांचं म्हणणं असं, की सुरक्षेच्या वस्तूला नुसता सोपा चेहरा पुरत नाही. आपण काय करतोय आणि चुकलं तर काय होईल, हे माणसाला कळायला लागतं. पंचवीस वर्षांपूर्वीचं हे वाचून मी कपाळाला हात लावला.

वहिनींचा कागद

त्याच सुमाराला एका मैत्रिणीचा फोन आला. तिचा भाऊ अचानक गेला होता. वय ४४. वहिनींना एवढंच माहीत, की ‘थोडे कॉइनमध्ये टाकलेत’ असं तो म्हणायचा. ‘तू त्यातलं काम करतेस ना, जरा ये.’

मी गेले. जेवणाच्या टेबलावर फायलींचा ढीग. बँकेने कागदपत्रं सांगितली, विम्याने वारसाचं नाव पाहिलं, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरून झाला. सगळीकडे खेटे होते, पण सगळीकडे खिडकी होती. एका एक्स्चेंजवरचं खातं आम्हाला ईमेलवरून सापडलं. तिथेही कागदपत्रं द्यायची होती, वेळ लागणार होता, पण रस्ता होता. त्याच एक्स्चेंजवरून त्याने काही नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवलेली दिसत होती. त्या वॉलेटचे बारा शब्द? डायऱ्या पाहिल्या, ड्रॉवर पाहिले, मुलांच्या वह्यासुद्धा चाळल्या. नाही मिळाले.

नाणी मात्र दिसत होती! ती वही सगळ्यांना उघडी असते ना. वहिनी स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, ‘म्हणजे आहेत. पण कुणाला विचारायचं, ते सांगा.’

मला उत्तर देता आलं नाही. बसमधून येताना एकच विचार. माझ्या शंभरेक स्क्रीनमध्ये घरातल्या दुसऱ्या माणसासाठी एकही स्क्रीन नव्हता.

सोपं, पण कुठे अवघड करायचं?

आम्ही पुन्हा पाटी पुसून बसलो. आमचा प्रमुख तरुण, हुशार. तो म्हणाला, ‘पायऱ्या वाढवल्या की लोक मध्येच सोडून जातील.’ त्याचं चुकत नव्हतं. पण मी मावशीचं वाक्य सांगितलं, वहिनींचं सांगितलं. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, बाकी सगळं सोपं करू, पण दोन जागी मुद्दाम थांबवू.

पहिली जागा म्हणजे बारा शब्द. आता सुरुवातीला ते दाखवतच नाही. आधी सरावाचं वॉलेट. टेस्टनेट नावाचं सरावाचं नेटवर्क असतं, त्यावरच्या नाण्यांना बाजारात किंमत नसते. पाठवा, घ्या, चुका. मग एका स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत : ‘तुमचे शब्द आमच्याकडे नाहीत. हरवले तर आम्ही मदत करू शकणार नाही.’ त्यानंतर कागद-पेन घ्यायला सांगायचं, शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला लावायचे, स्क्रीनशॉट बंद. आणि मग तिसरा, सातवा, अकरावा शब्द विचारायचा. नुसत्या टिकेवर सुटका नाही.

दुसरी जागा ‘पाठवा’ हे बटण. यूपीआयमध्ये समोरच्याचं नाव दिसतं. इथे दिसते साधारण ४२ अक्षरं-आकड्यांची एक ओळ. पहिली चार आणि शेवटची चार जुळवून लोक पुढे जातात. भामट्यांना हे ठाऊक असतं. ते अगदी तशीच सुरुवात आणि शेवट असलेले पत्ते तयार करून आपल्या व्यवहारांच्या यादीत घुसवतात. आपण मागचा पत्ता उचलतो आणि पैसे भलतीकडे. म्हणून अख्खा पत्ता चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवायचा आणि नवीन पत्त्यावर आधी थोडीशी रक्कम पाठवायला सुचवायचं. पोहोचली का बघा, मग बाकीची. अर्थात, प्रत्येक खेपेला नेटवर्कचं शुल्क लागतं, तेही आधीच सांगायचं.

या शुल्काला इथेरियमवर ‘गॅस’ म्हणतात. मावशीने विचारलं, ‘सिलिंडरचे पैसे कशाला कापतायत?’ आम्ही तो शब्द काढून ‘व्यवहार शुल्क’ केलं. ‘प्रायव्हेट की’ची ‘किल्ली’ झाली. ‘वॉलेट’ मात्र राहिलं. जगाने ठेवलेलं नाव, आम्ही कोण बदलणार? पण पहिल्याच स्क्रीनवर पाकिटाचं चित्र होतं ते काढून किल्ल्यांचा जुडगा काढला.

आणि एक पान वाढवलं. ‘घरच्यांसाठी’. त्यात शब्द लिहायचे नाहीत. एवढंच, की माझ्याकडे असं वॉलेट आहे, त्याचे शब्द अमुक ठिकाणी ठेवलेत, ते कुणालाही फोनवर सांगू नका, आणि कुठल्या जाणत्या माणसाला विचारा. प्रिंट काढून विम्याच्या फाइलमध्ये ठेवायचं. ते पान मी वहिनींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं.

दुसरी दुपार

दोन महिन्यांनी मावशीला पुन्हा बोलावलं. या वेळी तीन मिनिटांचे वीस मिनिटं झाली. मावशीने सरावाची नाणी मला पाठवली, मी तिला परत पाठवली. शब्द तिने पोस्टातल्या त्या नेटक्या अक्षरात लिहिले, पुन्हा ताडून पाहिले. तिसरा शब्द बरोबर, सातवा बरोबर, अकराव्याला अडखळली, कागद बघून सांगितला. मग पुढचा स्क्रीन आला : ‘आता खरे पैसे घालायचे का?’

त्यावर आम्ही सगळं लिहिलं होतं. भाव एका रात्रीत निम्मा होऊ शकतो. नफा झाला तर ३० टक्के कर, २०२२ च्या अर्थसंकल्पापासून. तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. पाठवलेले परत मागता येत नाहीत.

मावशीने सगळं वाचलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि ‘नाही’चं बटण दाबलं.

‘का गं? जमलं की सगळं!’

‘जमलं म्हणूनच. आता कळलं मला हे काय आहे ते. या वयात मला साहेब असलेलं बरं.’

मी हसले. प्रमुखाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे एक ग्राहक गेला.’ असेल. पण दोन महिन्यांपूर्वी याच मावशीने न वाचता टिक केली होती, आणि त्या दिवशी तिने वाचून, समजून नाही म्हटलं. जी बाई हो म्हणेल, तीही अशीच समजून म्हणेल, एवढीच माझी इच्छा.

जाताना मावशी दारात थांबली. ‘आणि ते घरच्यांसाठीचं पान आहे ना, ते मला दोन प्रती दे काढून. पोस्टाच्या सर्टिफिकेटांसाठी वापरते. तुझ्या काकांना कुठे काय ठेवलंय, काही माहीत नाही.’

वॉलेट उघडण्यापूर्वी

• किल्ली कंपनीकडे राहणार, की तुमच्याकडे? हे आधी विचारा.
• बारा शब्द कागदावर, इंग्रजी स्पेलिंगसह आणि क्रमाने लिहा. फोटो, स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲप नको. दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा.
• ‘कंपनीतून बोलतोय, शब्द सांगा’ असा फोन आला, तर तो चोरच.
• नवीन पत्ता अख्खा जुळवा. आधी थोडी रक्कम पाठवा.
• घरात एका तरी विश्वासाच्या माणसाला माहिती द्या. नवरा गुंतवत असेल, तर आजच विचारा, ‘शब्द कुठे ठेवलेत?’